राठोड सरांचे चपटे ठिपके

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष माननीय माणिकराव बोंढारे साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले आपले प्राचार्य महोदय, हिंगोलीहून मुद्दाम वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. देविदास राठोड सर, सरांच्या शेजारी बसून 'आता हिला कुणी माईक दिला' अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या जिवनबाई वहिनी, तांड्यावरून आलेली सरांची सगळी भावकी, माझे सहकारी, आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या असतानाही मागच्या दारापाशी गर्दी करून उभे राहिलेले माझे विद्यार्थी मित्रमैत्रिणी, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मघाशी माझ्या कानाशी येऊन 'थोडक्यात' हा शब्द सांगितला आहे. तो मी ऐकला आहे, यापलीकडे मी काही कबूल करत नाही.

मी संगिता पतंगे. मराठी शिकवते. भौतिकशास्त्राच्या माणसाच्या निरोपाला मराठीची बाई काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल, आणि तो रास्त आहे. पण सरांनी स्वतःच आयोजकांना सांगितलं म्हणे, की पतंगे मॅडमला बोलू द्या, त्या माझ्याविषयी चांगलंच बोलतील असं न्हाई, पण जे झालं ते सांगतील. असं प्रशस्तिपत्रक मिळाल्यावर माणूस गप्प कसा बसेल? तर जे झालं ते सांगते.

आमची ओळख झाली ती एका शब्दावरून. माझी खोली आणि सरांची प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत आहे, पण बरीच वर्षं आमचं बोलणं नमस्काराच्या पुढं गेलं नव्हतं. एक दिवस सर आले आणि म्हणाले, मला एका वस्तूचं मराठी नाव पाहिजे, पोरांना शिकवायचं आहे. वस्तू म्हणजे 'क्वांटम डॉट'. पुस्तकात पुंजबिंदू असं लिहिलंय, ते बराबर आहे का? मी म्हटलं, आधी ही वस्तू काय असते ते सांगा. सर म्हणाले, अर्धवाहकाचा कण. म्हणजे ज्या जातीच्या पदार्थापासून मोबाइलच्या आतल्या चिप बनतात, तसल्या पदार्थाचा कण. इतका बारीक, की एका केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीनं बसतील. आणि मला शिकवायचं आहे ते या कणाच्या घडणीबद्दल, म्हणजे तो गोल असला तर काय होतं, लांबट असला तर काय आणि चपटा असला तर काय.

तिथं मी त्यांना अडवलं. म्हटलं, सर, बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. शाळेत भूमितीच्या तासाला हेच शिकवलं होतं आम्हाला. मग तुमचा बिंदू चपटा कसा होईल?

सर उभे होते ते खाली बसले. म्हणाले, मॅडम, हा प्रश्न तर भौतिकशास्त्राचा झाला. मी म्हटलं, मुळीच नाही, मराठीचा आहे. ठिपका म्हणा. ठिपका गोल असतो, लांबुळका असतो, पसरट असतो, त्याला कशाची आडकाठी नाही. त्या दिवसापासून आपल्या महाविद्यालयात क्वांटम डॉटला ठिपका म्हणतात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक आपल्या मुलांच्या तोंडून हा शब्द ऐकून बावचळतात, त्याचं पाप माझ्या माथी आहे.

नाव दिलं म्हटल्यावर बाळाची विचारपूस करणं आलंच. मी सरांना विचारलं, घडण बदलल्यानं या ठिपक्याचं नक्की काय बदलतं? सर म्हणाले, त्याच्या आतला इलेक्ट्रॉन कसा राहतो ते बदलतं. इलेक्ट्रॉन आत गोटीसारखा घरंगळत नाही, तो लाटेसारखा सगळी जागा भरून राहतो. आमच्या तांड्यावर डफ वाजतो तो ऐकलाय ना तुम्ही? लहान डफाचा आवाज बारीक, मोठ्याचा भारदस्त. ठिपक्याचं तसंच. लहान ठिपक्यात लाट कोंडली जाते, तिची ऊर्जा वाढते, आणि त्याच्यावर जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली तर तो निळा-हिरवा चमकतो. तोच पदार्थ, पण ठिपका मोठा केला की नारंगी, लाल. पदार्थ बदलायचा नाही, नुसतं लहानमोठं करायचं आणि रंग बदलायचा. मी बघतच राहिले. आपण साडीचा रंग बदलायचा तर साडीच बदलतो.

आता लहानमोठेपणा झाला, घडणीचं काय? त्यासाठी सरांनी मला स्वयंपाकघरात नेलं. म्हणजे शब्दांनी नेलं, वहिनींनी गैरसमज करून घेऊ नये. हरभरा, शेवई आणि भाकरी. हरभऱ्यासारख्या गोल ठिपक्यात इलेक्ट्रॉनला सगळीकडून सारखीच अडचण. शेवईसारख्या ठिपक्यात बाजूनं अडचण, पण लांबीला मोकळीक, म्हणून तिच्यातून निघणाऱ्या उजेडाला एक दिशा असते. आणि भाकरीसारख्या चपट्या ठिपक्यात तर मौजच. भाकरी ताटाएवढी थापली काय आणि तळहाताएवढी थापली काय, रंग तोच राहतो. रंग ठरतो फक्त तिच्या जाडीवर. जिथं जागा सगळ्यात कमी, तिथली अडचण सगळ्यांना पुरून उरते.

हे मात्र मला एका दमात कळलं. मी एकत्र कुटुंबातली सून आहे. घर किती लांबरुंद आहे याला काही अर्थ नसतो, स्वयंपाकघर किती अरुंद आहे यावर सगळ्यांचा रंग ठरतो.

हसलात, छान वाटलं. पण यात एक दुखणं होतं आणि ते सरांनी कधी बोलून दाखवलं नाही. या ठिपक्यांच्या आकारावर सरांनी डॉक्टरेट केली ती सगळी कागदावरच्या गणितानं. गोल, लांब, चपटे, सगळे ठिपके त्यांनी समीकरणात पाहिले होते. डोळ्यांनी एकही पाहिला नव्हता. वर्गात रंगून शिकवायचे आणि तास संपला की फळा पुसून टाकायचे. निवृत्ती जवळ आली तसं त्यांच्या मनानं घेतलं, की एकदा तरी हे आपल्या हातानं करून बघायचं. चपटे ठिपके करायचे, आणि जाडी तीच ठेवून रंग तोच राहतो हे बघायचं.

त्यांच्या जोडीला उभी राहिली त्यांचीच विद्यार्थिनी, आता आपल्याच विभागात शिकवणारी प्रतिक्षा अडकिणे. ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे आणि मी काय काय सांगणार या काळजीत आहे. प्रतिक्षा डोंगरकड्याची. वडील रामजी अडकिणे, आई शकुबाई, घरी केळी आणि हळद. दोघांनी मिळून रसायनं जमवली, धूर बाहेर नेणारं कपाट दुरुस्त करून घेतलं. ठिपके ज्या पदार्थाचे करतात तो विषारी असतो, म्हणून हातमोज्यांशिवाय प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तर सर विद्यार्थ्याला बाहेर काढायचे. ठिपक्यांचा उजेड नीट तपासायचं महागडं यंत्र आपल्याकडे नाही. त्यासाठी विद्यापीठात नंबर लावायचा आणि वाट बघायची. तोवर जांभळी बॅटरी आणि आपले डोळे.

काही महिन्यांनी एक दिवस भिंतीपलीकडून सरांनी मला हाक मारली. खिडकीला चादर लावून अंधार केला होता. मांडणीवर बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. एकाच भांड्यातला माल, पण पहिली बाटली लवकर काढलेली, पुढची जरा उशिरा, त्यापुढची आणखी उशिरा. जास्त वेळ शिजलं की ठिपके मोठे होतात, म्हणजे शेवटच्या बाटलीनं लाल दिसायला हवं होतं. सरांनी बॅटरी मारली. सगळ्या बाटल्या सारख्याच हिरव्या.

सर म्हणाले, कळलं का मॅडम? ठिपके वाढले, पण आडवे वाढले. जाडी तेवढीच राहिली. या भाकऱ्या आहेत.

त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. आणि हे अंदाजपंचे नव्हतं बरं का. चपट्या ठिपक्यांची एक विशिष्ट जाडी असते, तिचा रंग नेमका हिरवाच येतो, असं त्यांच्या पुस्तकांत होतं. हैदराबादला भरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या परिषदेकडे सरांनी या कामाचा सारांश पाठवला, त्यांनी तो स्वीकारला, बोलायला वेळ दिली. विद्यापीठातल्या यंत्राची तारीख मात्र परिषदेच्या नंतरची मिळाली. आणि इकडे आपल्या माननीय अध्यक्ष साहेबांच्या उत्साहाला उधाण आलं. फाटकावर सरांच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स लागला, 'राष्ट्रीय पातळीवर दखल'. साहेब, मी तक्रार करत नाही, फोटो चांगला आला होता. जे लोक स्टाफरूममध्ये म्हणायचे, की या गावाला येणारी एसटी अर्ध्या वेळा येत नाही आणि हे क्वांटम करून राहिले, ते फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढू लागले. सरांचं स्वतःच्या हातानं केलेलं हे पहिलं संशोधन, आणि निवृत्तीच्या तोंडावर आलेलं, म्हणजे बहुधा शेवटचंही.

त्याच दिवसांत प्रतिक्षाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा सोमेश्वरराव, हिंगोलीला शेती अवजारांचं दुकान. परिषद लग्नानंतर लगेच होती, त्यामुळं सर एकटेच हैदराबादला जाणार होते.

आता तो हंगाम डोळ्यांसमोर आणा. आपल्या भागात लग्नसराई आणि हळदीचा हंगाम एकत्रच येतात. शेतात हळद शिजत असते, वाळत असते, आणि पॉलिश करायच्या ड्रमांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. आपल्या महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडेही असा एक ड्रम त्या वर्षी लागला होता. बाकावर बोट फिरवलं तर पिवळं व्हायचं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. धूळ म्हणजे मातीची आणि पिवळी धूळ म्हणजे पैशाची, असं आपण समजतो आणि झटकून कामाला लागतो.

प्रतिक्षाच्या हळदीला मी डोंगरकड्याला गेले होते. दिवेलागणीची वेळ. आम्ही बायकांनी तिला तेल-हळद माखली, गाणी सुरू होती, आणि वीज गेली. जो तो मोबाइल शोधू लागला. प्रतिक्षाच्या पर्समध्ये प्रयोगशाळेतली बॅटरी राहिली होती. तिनं चाचपडत ती काढली आणि पेटवली. उजेड पडला तो जांभळा, आणि त्या उजेडात नवरीचे हात, गळा, गाल, सगळं हिरवट चमकू लागलं.

बायकांनी एकच कालवा केला. शकुबाईंनी मीठ-मोहऱ्या आणायला धाडलं. मलाही हसू आवरेना. एकटी प्रतिक्षा हसत नव्हती. ती आपला हात उलटासुलटा करून बघत होती. मग तिनं मला जवळ बोलावलं.

"मॅडम, हाच रंग हाय," ती म्हणाली.

कशाचा, म्हणून मी विचारलं.

"सरांच्या भाकरीचा."

मग तिनं मला हळू आवाजात सगळं सांगितलं. हळदीत जो रंग असतो तो तेलात उतरला की अशा उजेडात हिरवा चमकतो. आपण ठिपके ज्या द्रावकात ठेवतो त्यातही तो तसाच उतरणार. बाटल्या धुतल्या की त्या खिडकीत पालथ्या घालून वाळवतो. खिडकीबाहेर ड्रम. म्हणजे सगळ्या बाटल्या सारख्या हिरव्या दिसल्या त्या ठिपके चपटे होते म्हणून की प्रत्येक बाटलीत हळद होती म्हणून? ठिपक्यांचा स्वतःचा उजेड मुळात मंद, हळदीच्या चमकेत तो दिसणारही नाही.

मी म्हटलं, मग सरांना फोन कर. तर ती म्हणाली, "नुसत्या संशयावर त्यांच्या हातातलं काढून घेऊ का मॅडम? आधी खात्री करते." आणि तशीच उठली, तेला-हळदीनं माखलेली, प्रयोगशाळेत जायला.

शकुबाई दारात आडव्या झाल्या. आपल्यातला रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही. प्रतिक्षा आईला म्हणाली, सर हैदराबादला चारचौघांत चुकीचं बोलणार आहेत आणि त्यांना ते माहीतही नाही. शकुबाईंनी ते ऐकून घेतलं, पण दार सोडलं नाही.

"मंग मॅडमला धाड," त्या म्हणाल्या. "त्यांना कुठं हळद लागली?"

अशा रीतीनं मराठी विभाग भौतिकशास्त्राच्या कामाला लागला. महाविद्यालय गावाबाहेर, माझी स्कूटी दारात. प्रतिक्षानं किल्ली दिली, बॅटरी दिली, आणि बजावलं, की ठिपक्यांच्या बाटल्यांना हात लावायचा नाही. मांडणीवरची एक रिकामी, धुतलेली बाटली घ्यायची, तिच्यात नुसतं द्रावक ओतायचं, आणि बॅटरी मारायची. ठिपके नाहीतच, म्हणजे काही चमकायला नको. चमकलं तर ती हळद. हातमोजे घालायलाही तिनं सांगितलं होतं, पण मी मराठीची माणूस, घाईत तेवढंच विसरले.

बाटली घेतली, द्रावक ओतलं, बॅटरी मारली. बाटली हिरवीगार चमकली.

तेवढ्यात दारात सर. त्यांचं घर आवारातच आहे, प्रयोगशाळेत जांभळा उजेड दिसला म्हणून आले होते. "पतंगे मॅडम, तुमी हितं काहून?" असं त्यांनी विचारलं, आणि मला जे काही आठवत होतं ते मी सगळं सांगून टाकलं. हळद, वीज, मीठ-मोहऱ्या, खिडकी, ड्रम. सरांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली, बाटली पाहिली. मग बॅटरीचा झोत त्यांनी माझ्या हातांवर टाकला. माझे दोन्ही तळवे, बोटं, नखं, सगळं हिरवं. हळद लावणारीच्या हाताला हळद नसेल तर कुणाच्या असेल?

सर म्हणाले, मॅडम, हा प्रयोग बाद.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी लगेच म्हटलं, बघा, म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही, ही माझ्याच हाताची हळद. आता दार लावू आणि जाऊ, उद्या लग्न आहे, परवा तुमची गाडी आहे. मंडळी, तुम्ही त्या जागी असतात तर काय केलं असतं? फ्लेक्स लागलेला, तिकीट काढलेलं, आणि आपल्याविरुद्धचा एकुलता एक पुरावा नुकताच बाद झालेला.

सर म्हणाले, "तुमच्या हातानं मी चूक ठरलो न्हाई, मॅडम. पण बराबर बी ठरलो न्हाई. तुमी हात धुऊन या."

मी हात धुऊन आले तोवर त्यांनी हातमोजे चढवले होते. एका न फोडलेल्या पाकिटातून त्यांनी कोरी बाटली काढली, द्रावक ओतलं, बॅटरी मारली. काळोख. मग मांडणीवरची, मी हात न लावलेली धुतलेली बाटली घेतली, तेच द्रावक, तीच बॅटरी. हिरवी. आणखी एक घेतली. तीही हिरवी.

सर स्टुलावर बसले. कुंपणापलीकडचा ड्रम बंद झाला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढ्या वर्षांची एक साधी इच्छा, ती पुरी झाली म्हणून आनंदात होता हा माणूस, आणि मी स्कूटीवर येऊन त्यात हळद कालवली होती. सरांनी ती बाटली पुन्हा एकदा बॅटरीसमोर धरली. मग त्यांनी मान वर केली.

"मॅडम, मंग आपल्या ठिपक्यांचा खरा रंग कोणता असंल?"

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं दुःखानं काहीतरी बोलताहेत. पण नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आपण इतके दिवस ठिपके केले, पण ते आपल्याला अजून दिसलेलेच नाहीत, हळदीच्या आड ते काय करून राहिले असतील, हे त्यांच्या डोक्यात सुरूही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सर लग्नाला आले. प्रतिक्षा अंतरपाटाच्या वरून नवऱ्याऐवजी सरांचा चेहरा शोधत होती, हे मी पाहिलं आहे. सोमेश्वररावांनी मनावर घेऊ नये. आहेराच्या वेळी सर तिला एवढंच म्हणाले, की बेटा, बॅटरी बराबर वेळेला पेटवलीस. तेव्हा कुठं ती हसली.

मी सरांना विचारलं, आता हैदराबादला कशाला जायचं, फोन करून कळवा, तब्येतीचं सांगा. ते म्हणाले, बोलायला वेळ दिलेली आहे. आणखी कुणी हळदीच्या गावात असलं काम करत असेल, त्याला कळायला नको का?

नवीन जोडप्यानं जोडीनं औंढ्याला दर्शनाला जायचं ठरलेलं होतं. प्रतिक्षानं नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि सोमेश्वरराव म्हणाले, देव काही औंढा सोडून जात नाही, गाडी जाईल. हिंगोलीच्या स्टेशनावर सर डब्यात चढले तर समोर हिरव्या चुड्यातली नवरी आणि तिचा नवरा बसलेले. पुढचं मला नवराबायको दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं आहे आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

परिषदेत सर उभे राहिले. म्हणाले, आम्ही चपटे ठिपके केल्याचं आपल्याला कळवलं होतं. ते चपटे आहेत याचा आमच्याकडे काहीही पुरावा नाही. आम्ही जे पाहिलं ती आमच्या गावची हळद होती, आणि ही चूक माझी आहे. तेव्हा मागून प्रतिक्षा उठली आणि म्हणाली, बाटल्या मी धुतल्या होत्या. सर व्यासपीठावरून म्हणाले, "वाळवायची जागा मी दाखवली होती." ती म्हणाली, खिडकी मी उघडी ठेवली होती. भरल्या सभेत दोघं चुकीवरून भांडत होते, आणि भांडण असं की दोघांनाही ती आपल्याकडेच पाहिजे होती.

टाळ्या वाजल्या का, असं मी प्रतिक्षाला विचारलं. म्हणाली, लक्षात नाही. सोमेश्वररावांना मात्र लक्षात आहे, की एक शास्त्रज्ञ बाई उठून बाहेर गेल्या आणि आपल्या प्रयोगशाळेत फोन करून विचारू लागल्या, बाटल्या कुठं वाळवता.

परत आल्यावर सरांनी फाटकावरचा फ्लेक्स स्वतः उतरवला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीला आतून ठोकला. धूळ येत नाही. आता काम करताना राष्ट्रीय पातळीवरचे राठोड सर खिडकीतून खऱ्या राठोड सरांवर नजर ठेवतात. नव्या काचेत, बंद कपाटात, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सरांनी मला पुन्हा हाक मारली. पहिली बाटली पिवळसर, पुढची नारंगी, शेवटची लाल. म्हणजे हरभरे. गोल, साधे, साऱ्या जगाला आधीच माहीत असलेले ठिपके. शोध म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

पण सर एकेका बाटलीसमोर वाकून बघत होते. "आता खरं बोलून राहिले," ते म्हणाले. आणि मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

सर, तुम्ही या खुर्चीवर बसून सगळं ऐकत आहात म्हणून तोंडावर सांगते. मी आयुष्यभर मुलांना मोठ्या माणसांचे धडे शिकवले. त्यातलं मोठेपण मला खरं वाटायचं नाही, ते धड्यापुरतं वाटायचं. त्या संध्याकाळी तुम्ही मला हात धुऊन यायला सांगितलंत, तेव्हापासून ते धडे मी मन लावून शिकवते. माझं तुमच्यावर फार प्रेम आहे, सर. वहिनी, हेही गैरसमज न करता ऐकावं.

चपटे ठिपके अजून आलेले नाहीत. प्रतिक्षा आणि सर दोघंही म्हणतात की येतील, फक्त शिजवायची रीत बदलावी लागेल. अध्यक्ष साहेबांनी मोठ्या मनानं परवानगी दिली आहे, त्यामुळं निरोप आज होणार आणि सर सोमवारी नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेत येणार. आपण हार घातले ते परत मागू नयेत.

आपण सर्वांनी मला इतका वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्ष साहेबांनी फ्लेक्सची थट्टा हसून सोसली, सूत्रसंचालकांनी घड्याळ दाखवायचं मघाशीच सोडून दिलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. आता वक्त्यानं शेवटी म्हणायचं असतं, की बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आज मी तसं म्हणणार नाही. आजच्या सत्कारमूर्तींसमोर ते बरं दिसणार नाही. माझं कुठं चुकलं असेल तर कृपा करून पोटात घालू नका, उभं राहून सांगा.

आणि हे पाहा, व्यासपीठावर एक हात वर झालाच आहे. बहुतेक शेवईच्या उजेडाचं मी काहीतरी चुकीचं सांगितलं. माईक जरा तिकडं द्या.

बोला, सर.